ओवाळणीत आलेली भागीदारी

टॅक्सचं काम करते म्हटलं की इंग्लंडातल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. जेवणं होऊन डॉक्टर मंडळींची गाणी सुरू झाली की मात्र तीच खुर्ची सगळ्यांना हवी असायची. "सुमतीवहिनी, एक छोटासा क्वेश्चन होता." हा क्वेश्चन कधीच छोटासा नसायचा. एका सर्जननं तर कागदी प्लेटच्या मागच्या बाजूला, श्रीखंडाचा डाग चुकवत, आपल्या सगळ्या मिळकतीचं गणित मांडून दाखवलं होतं. ती प्लेट मी घरी आणली आणि सोमवारी त्याच्या फाइलला लावली. माझे साहेब मिस्टर हॅरिस ती बघून म्हणाले, की तुमचे क्लायंट निदान जेवून तरी येतात.

आमचं ऑफिस साउथहॅम्प्टनला, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, माशांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. माझे यजमान हॉस्पिटलात पॅथॉलॉजीला होते. मी पुण्याची बी.कॉम. इथे आल्यावर पुन्हा परीक्षा दिल्या आणि हॅरिससाहेबांकडे चिकटले ती निवृत्त होईपर्यंत. पोटापाण्यासाठी लोक वाट्टेल ते करतात, मी टॅक्स केला. आणि खरं सांगते, मला तो आवडला. माणसं देवासमोर बोलत नाहीत इतकं खरं टॅक्सच्या माणसासमोर बोलतात, कारण देव पुरावा मागत नाही.

आजच्या मुलींना सांगितलं तर खोटं वाटेल, पण नव्वद सालापर्यंत या देशात लग्न झालेल्या बाईची मिळकत ही नवऱ्याची मिळकत धरली जायची. बाई सर्जन असो नाहीतर शाळामास्तरीण, तिच्या पगाराचा हिशेब नवऱ्याच्या फॉर्मवर. तिच्या नावानं फॉर्म आलाच, तर त्यावर अशा अर्थाची सूचना छापलेली असायची, की तुम्ही नवऱ्याबरोबर राहत असाल तर हा कागद त्यांच्याकडे द्या. मनूचं नाव घेऊन आपल्याला नावं ठेवणारे गोरे लोक मला भेटले की मी त्यांना ही सूचना ऐकवत असे.

त्या काळात एक लेडी डॉक्टर माझ्याकडे आल्या होत्या. त्यांनी आईवडिलांसाठी थोडे पैसे वेगळे साठवले होते आणि ते नवऱ्याला कळू द्यायचे नव्हते. पण टॅक्स तर भरायचा होता, कारण बाई प्रामाणिक. आता नवऱ्याच्या फॉर्मवर नवऱ्याला न कळता कसं लिहायचं? कायद्यात वेगळ्या आकारणीची एक पळवाट होती, ती मी शोधून दिली. पुढे त्या दर दिवाळीला चकल्या पाठवायच्या आणि चिठ्ठीवर नाव घालायच्या नाहीत.

दुसरे एक गुजराती दुकानदार. ते कागदोपत्री बायकोला पगार द्यायचे, टॅक्स लागणार नाही बरोबर तेवढाच. हे सगळेच करायचे. एकदा त्या बाई सहीसाठी ऑफिसात आल्या आणि मी सहज म्हटलं, की तुमच्या पगाराचा आकडा यंदा थोडा वाढलाय. बाईंना पगार ही बातमीच होती. मग नवऱ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, की पगार असेल तर आजवरचा सगळा द्या. शेठजी म्हणाले, अगं तो फक्त लिहायचा असतो. मी म्हटलं, शेठ, टॅक्स इन्स्पेक्टरनं विचारलं की पगार खरंच दिला का, तर काय सांगणार? त्या दिवसापासून बाईंना दर शुक्रवारी पगार मिळायला लागला. माझ्या धंद्यात असे विजय फार नसतात, म्हणून जपून ठेवलाय.

पण जी गोष्ट सांगायला बसले आहे ती वैजयंतीची.

वैजयंती हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची. तिचा नवरा शरद, तोही डॉक्टरच. पण हॉस्पिटलात बढती मिळेना, गोऱ्यांच्या हाताखाली किती दिवस राबायचं, म्हणून त्यानं नोकरी सोडली आणि समुद्राकाठी एक मोठं घर घेऊन म्हाताऱ्या माणसांसाठी केअर होम काढलं. त्या वर्षांत आपल्या बऱ्याच डॉक्टरांनी हे केलं. काहींचं उत्तम चाललं. शरदचंही सुरुवातीला चाललं.

नव्वद साली कायदा बदलला. बायकोची मिळकत बायकोची झाली, तिची सूट तिची झाली. आनंदाची गोष्ट. पण कायदा बदलल्याबरोबर देशभरच्या अकाउंटंटांनी धंदेवाल्या नवऱ्यांना सांगायला सुरुवात केली, की बायकोला पार्टनर करा, नफा दोघांत वाटा, टॅक्स कमी पडेल. सल्ला चुकीचा नव्हता. फक्त त्याची दुसरी बाजू बायकोला कुणी सांगत नव्हतं. भागीदारीच्या टॅक्सचा तेव्हा नियम असा होता, की एका भागीदारानं भरला नाही तर सगळाच्या सगळा दुसऱ्याकडून वसूल करता यायचा. निम्मा नाही, सगळा.

शरदचे अकाउंटंट दुसरे होते, बोर्नमथकडचे. त्यांनी त्याला भागीदारीचा करारनामा करून दिला. आणि शरदनं तो बायकोपुढे कसा ठेवावा? दिवाळीच्या पाडव्याला. घरात माणसं जमलेली, आम्हीही होतो. वैजयंतीनं पैठणी नेसून त्याला ओवाळलं, आणि त्यानं तबकात साडी नाही, अंगठी नाही, रिबीन बांधलेला तो कागद ठेवला. म्हणाला, "आजपासून तू बिझनेसमध्ये इक्वल पार्टनर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे यजमान मला म्हणाले, बघ, याला म्हणतात आधुनिक नवरा. वैजयंतीनं निरांजन बाजूला ठेवून तिथेच सही केली, कुंकवाच्या बोटानं. मी फराळाच्या ताटांच्या मागे उभी होते, कागद काय आहे ते मला दिसलंसुद्धा नाही.

व्याजाचे दर आधीच भडकलेले होते, पुढे म्हाताऱ्यांसाठी सरकारकडून येणाऱ्या पैशाचे नियमही बदलले, आणि अनेक केअर होम्सचं दिवाळं वाजलं. शरदचंही. यात त्याचा एकट्याचा दोष होता असं मी म्हणत नाही. पण भागीदारीच्या सुरुवातीच्या चांगल्या वर्षांचा टॅक्स त्यानं भरलाच नव्हता, आणि हे ठाऊक असताना तो आईच्या आजारपणाचं निमित्त करून पुण्याला गेला आणि तिथेच राहिला, हे मात्र त्याचं एकट्याचं. शरद तसा वाईट माणूस नव्हता असं म्हणणारे आजही आहेत. असोत.

टॅक्सवाल्यांतलं पुण्याला कोण जाणार? त्यांनी वैजयंतीला गाठलं. चोर सोडून संन्याशाला सुळी. रक्कम एवढी होती की राहतं घर विकल्याशिवाय ती उभी राहणं शक्य नव्हतं. भरली नाही तर दिवाळखोरी, म्हणजे पुन्हा घर जाणारच. त्या घराचं कर्ज तिच्याच पगारातून फिटत होतं. दोन मुली शाळेत, धाकटीचा अभ्यास त्याच घराच्या माळ्यावर चालायचा. थोरलीनं मला फोन केला. "सुमतीमावशी, तू येशील? आई रडत नाही, ती नुसती ओव्हन क्लीन करतेय, सकाळपासून." मी गेले. वैजयंती खरंच ओव्हनमध्ये डोकं घालून बसली होती. बाहेर येऊन म्हणाली, "ताई, मी साइन केलंय. दरवर्षी माझ्या टॅक्सच्या फॉर्मवर पण केलंय. ते भरायचे, मी साइन करायची. आता काय करायचं?"

मी म्हटलं, पहिल्यांदा अपील टाकायचं, मग ओव्हन.

हॅरिससाहेब माणूस सरळ, पण त्यांचं मत पडलं की सही ती सही. हप्ते मागून घ्या, म्हणाले. मी त्यांना विचारलं, की इतकी वर्षं आपण नवरा-बायकोची भागीदारी दाखवली की इन्स्पेक्टर काय म्हणतो? म्हणतो, नुसता कागद नको, बाई खरंच धंदा करते का ते दाखवा. फायदा द्यायचा असतो तेव्हा कागद पुरत नाही, वसूल करायचं असतं तेव्हा बरा पुरतो? साहेबांनी पाइप झटकून खाली ठेवला. मग म्हणाले, की हे वाक्य तुम्हीच तिथे जाऊन म्हणा, माझ्या तोंडून ते इतकं रागावलेलं वाटणार नाही.

कायद्याचा मुद्दा सोपा होता. दोघं मिळून नफ्यासाठी धंदा चालवतात ती भागीदारी. चालवतच नसतील तर करारनामा सोन्याच्या अक्षरांत लिहिला तरी भागीदारी होत नाही. वैजयंतीनं केअर होममध्ये कधी एक माणूस नेमला नव्हता, बँकेच्या खात्यावर तिचं नाव नव्हतं, नफ्यातला छदाम तिच्या हाती आला नव्हता. हे सगळं दाखवता येणार होतं. पण त्यासाठी तिला परक्या माणसांसमोर उभं राहून सांगावं लागणार होतं, की माझ्या नवऱ्यानं मला फसवलं आणि ते ओवाळताना फसवलं. आणि इथे सगळ्यांच्या अब्रूला एकदम घाम फुटला.

तिच्या भावाचं पुण्याहून पत्र आलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मंडळातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं, की वहिनी, आपल्या लोकांची आधीच इथे काय इमेज आहे, त्यात ही भर कशाला. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, इमेज सांभाळायची तर वर्गणी काढा आणि टॅक्स भरून टाका, केस आत्ता मागे घेते. ते गाणं ऐकायला निघून गेले.

शेवटी शरदचाच फोन आला, माझ्या घरी. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं. "वहिनी, तुम्ही तिला भडकवताय," म्हणाला. ती पार्टनर नाही असं ठरलं तर सगळा नफा माझ्या एकट्याच्या नावावर येईल, टॅक्स आणखी वाढेल. आणि होम विकल्यावर बँकेचं देऊन जे काही उरेल त्यातलं निम्मं तिचं आहे, ते ती घालवून बसेल. घरातली गोष्ट घरात राहू द्या.

मी म्हटलं, "शरद, ते घर वाचावं म्हणूनच चाललंय." आणि फोन ठेवला. तो मला आवडायचा हो. माझ्या हातच्या अळूच्या वड्या एवढ्या कौतुकानं दुसऱ्या कुणी खाल्ल्या नाहीत. त्याच्याशी पुन्हा बोलणं झालं नाही, याचं वाईट वाटतंच. पण फोन ठेवल्याचं नाही वाटत.

टॅक्सच्या अपिलांची सुनावणी तेव्हा न्यायाधीशांपुढे नसायची. गावातलीच तीन बिनपगारी प्रतिष्ठित माणसं बसायची, आणि कायदा सांगायला शेजारी एक वकील. आमच्या वाट्याला आलेले अध्यक्ष जहाजं बंदरात आणणारे निवृत्त पायलट होते, दुसरे बियाणांचे व्यापारी, आणि तिसऱ्या एक उंच बाई, मुलींच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. टाउन हॉलच्या वरच्या खोलीत लांब टेबल, चहाचे कप, आणि खिडकी उघडत नव्हती. वैजयंती राखाडी सूट घालून आली होती. मी निळी इरकल नेसले होते, मुद्दाम.

इन्स्पेक्टर तरुण होता, सभ्य होता आणि त्याची तयारी चांगली होती. त्यानं करारनामा ठेवला, वर्षावर्षाचे फॉर्म ठेवले, प्रत्येकावर वैजयंतीची सही. बाई अशिक्षित नाही, म्हणाला. डॉक्टर आहे, रोज माणसांना बेशुद्ध करण्याआधी त्यांच्या सह्या घेते. सहीचा अर्थ तिच्याइतका कुणाला कळणार? मुद्दा बिनतोड होता.

आम्ही केअर होमच्या मेट्रनला साक्षीला बोलावलं होतं. आयरिश बाई, डोक्यावर हॅट घालून आलेली. तिनं सांगितलं, की या डॉक्टरीणबाई नाताळात यायच्या, म्हाताऱ्यांचे हात हातात घेऊन बसायच्या, आणि एकदा त्यांनी मला विचारलं होतं, की इथे चहा कुणाला विचारून करायचा. मालकिणीनं हे विचारल्याचं मी तरी कधी पाहिलं नाही. बियाणेवाले हसले.

मग वैजयंतीची पाळी. करारनाम्यावर सही कधी केली, असं अध्यक्षांनी विचारलं. कागदावर मागची, टॅक्सचं वर्ष सुरू होतं त्या एप्रिलची तारीख होती. तिनं सांगितलं, की एप्रिलमध्ये नाही, नंतर दिवाळीत, आमच्या पाडव्याला. आणि मग तिला पाडवा सांगावा लागला. बायको नवऱ्याला ओवाळते, दिव्यानं. तो तबकात काहीतरी ठेवतो. ती काही मागत नाही, तो देतो.

इन्स्पेक्टर पटकन म्हणाला, म्हणजे ती भेट होती, आणि तुम्ही ती स्वीकारलीत. स्वखुशीनं?

मला वाटलं, संपलं. वैजयंतीनं चष्मा काढला आणि अध्यक्षांकडे न बघता त्या मुख्याध्यापिका बाईंकडे बघून बोलली. तिचं इंग्रजी एरवी हॉस्पिटलातलं, तुटक. त्या दिवशी नव्हतं.

"ओवाळणी वाचून घेत नाहीत," ती म्हणाली. "त्यात काय आहे, किती आहे हे तिथे बघणं हा नवऱ्याचा अपमान असतो. बाई ती कपाळाला लावते. माझ्या पेशंटला मी सही मागते तेव्हा आधी सगळे धोके सांगते, आणि हातात दिवा घेऊन मागत नाही. हाच कागद त्यांनी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी दिला असता, तर मी चष्मा लावून वाचला असता. ते त्यांना माहीत होतं. म्हणून त्या दिवशी दिला."

मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, की आणि दरवर्षीचे फॉर्म? त्या दिवशी तर दिवा नव्हता.

"नाही," वैजयंती म्हणाली. "तिथे माझा विश्वास होता. तो मूर्खपणा माझा. पण त्यानं मी धंदा चालवत होते असं होत नाही."

वकिलानं तिला एक गोष्ट स्पष्ट करून सांगितली, आणि ते त्याचं कर्तव्यच होतं. भागीदारी नव्हती असा निर्णय झाला, तर केअर होमच्या विक्रीत भागीदार म्हणून तिला काहीही मागता येणार नाही. हे तिला कळतंय ना? वैजयंती म्हणाली, की कळतंय, आणि मला नको आहे. आमच्याकडे ओवाळणी परत करत नाहीत, पण मी करते आहे.

मग मी उठून माझं रागावलेलं वाक्य म्हटलं. खरं सांगायचं तर त्याची गरज उरली नव्हती, पण इरकल नेसून गेले होते, म्हटल्याशिवाय कशी राहीन?

त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं. बोलावलं तेव्हा अध्यक्षांनी उभ्याउभ्याच सांगितलं, की या बाई या धंद्यात कधीही भागीदार नव्हत्या असं आमचं मत आहे. त्यांच्यावरची आकारणी रद्द. इन्स्पेक्टरला वरच्या कोर्टात जायचा हक्क होता. कॉरिडॉरमध्ये मी त्याला सरळच विचारलं. तो कोट चढवत म्हणाला, "नाही जाणार. काल रात्री माझ्या बायकोनं मॉर्गेजच्या कागदावर सही केली. मी म्हटलं इथे कर, तिनं केली." आणि जिना उतरून गेला.

हा निकाल कुठल्या पुस्तकात छापून आला नाही, तशी ती पद्धतच नव्हती. त्यामुळे पुढच्या बाईला त्याचा उपयोग झाला नाही, आणि काही बायका माझ्याकडे आल्या तेव्हा अपिलाची मुदत टळून गेलेली होती. एकीनं तर बांगड्या विकून भरून टाकलं आणि मग मला सांगितलं. त्याचा राग अजून जात नाही. मंडळानं त्या वर्षी आम्हाला दिवाळीचं बोलावणं धाडायला विसरल्याचं नाटक केलं. आम्ही न बोलावता गेलो, तिघी-चौघी, वैजयंती मध्ये. गेलो, जेवलो, पुन्हा श्रीखंड मागून घेतलं.

त्यानंतरच्या वसंतात तिचा टॅक्सचा फॉर्म आला. मी म्हटलं पाठव, दहा मिनिटांचं काम आहे. ती नाही म्हणाली. एका रविवारी स्वयंपाकघरात बसून तिनं तो स्वतः भरला, आणि पाठवण्याआधी मला नुसता बघायला दिला. एका रकान्यात तिनं चूक केली होती. साधीच, पण तिच्या तोट्याची. मी पेन काढलं. तिनं माझ्या हातातून कागद काढून घेतला.

"कुठे ते सांगू नका, ताई. मी शोधते," ती म्हणाली. "सापडली नाही तर राहू दे. ती चूक माझी आहे."

मी पेनाला टोपण लावलं आणि चहा ठेवायला उठले.